विरजणाचा दगड

मंजुषा लग्न होऊन लातूरला आली तेव्हा तिच्या सासूबाई, लक्ष्मम्मा, तिला म्हणाल्या होत्या, "पोरगं जहाजावरून उतरलंय, पण अजून घरात आलं न्हाई. येईल हळूहळू." त्याचा अर्थ तिला पुढं बऱ्याच वर्षांनी लागला.

तिचा नवरा मल्लेश आयटीआय करून मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत लागला होता. मग वडिलांनी, गुरुबसप्पांनी, अंथरूण धरलं आणि गोलाईच्या बाजारपेठेजवळचं आडत दुकान सांभाळायला एकुलत्या एक मुलाला परत यावं लागलं. तो आला, तूर-हरभऱ्याच्या पोत्यांमध्ये बसला आणि त्यानं समुद्राचं नाव काढणं सोडून दिलं. फक्त बैठकीत त्यानं खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी उभी केली. नळाला पाणी नसायचं त्या उन्हाळ्यांतही त्यानं ती जगवली. रोज दुकान बंद करून आला की गुडघ्यांवर हात ठेवून तो तिच्यासमोर बसायचा. मंजुषा चहा आणून ठेवायची. तो गार झाल्यावर प्यायचा.

एवढ्या संसारात दोघं तिरुपतीला गेले, श्रीशैलला गेले, पण समुद्रावर कधी गेले नाहीत. मंजुषानं समुद्र पाहिलाच नव्हता. शेजारच्या पुनमताईंच्या भजनी मंडळाची गोकर्णाची सहल निघायची, तेव्हा ही दरवेळी काहीतरी कारण सांगून मागं राहायची. पहिल्यांदा बघायचा तर यांच्यासोबत, असं तिनं मनाशी धरून ठेवलं होतं.

यंदा टाकीचं पाणी बिघडायला लागलं. आतले दगड जुने झाले होते. त्यांच्या बारीक भोकांत डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात आणि तेच पाणी स्वच्छ ठेवतात. आता ती भोकं गाळानं बुजली होती. दगडांवर केसांसारखं हिरवं शेवाळ माजलं होतं. मल्लेशनं वर्षभर टाळलं आणि शेवटी चेन्नईहून नवे दगड मागवले. ते आले ते हाडांसारखे पांढरे, कोरडे. गच्चीवरच्या ड्रममध्ये खारं पाणी करून त्यानं ते बुडवले आणि टाकीतला एक जुना, त्यातल्या त्यात चांगला दगड त्यांच्यात सोडला.

"हा कशाला?" मंजुषानं विचारलं.

"याच्यातले जीव नव्यात जातेत. दोन-तीन महिने लागतेत."

"म्हणजे विरजण!"

तो हसला. "हाव. विरजणच की."

दगड तयार झाले आणि नेमका दुकानात पोतं उचलताना हुकानं त्याचा तळहात फाटला. टाके पडले. टाकीच्या पाण्यात हात घालायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. इकडं मासे पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडायला लागले होते.

"मी काढते," मंजुषा म्हणाली.

तो तिच्याकडं बघतच राहिला. आजवर त्या टाकीत दुसऱ्या कुणाचा हात गेला नव्हता.

रविवारी सकाळी तिनं पदर खोचला, बांगड्या काढून ठेवल्या आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. पाणी कोमट होतं. पांढऱ्या पट्ट्यांची केशरी मासोळी तिच्या बोटांना डसून डसून पळत होती. "तिची जागा हाय ती," मल्लेश म्हणाला. "चिडणारच." आज निम्मेच दगड बदलायचे होते, सगळे एकदम काढले तर मासे जगले नसते. तो सांगत होता आणि ती एकेक दगड सोडवून टबात ठेवत होती. शेवटचा मोठा दगड वर आला तेव्हा त्याच्या बुडातून काळा गाळ सुटला आणि खोलीभर एक उग्र, खारट, कुबट वास पसरला.

मंजुषानं नाक मुरडलं. मल्लेशनं मात्र डोळे मिटले होते.

"ओहोटीला धक्क्यावर असा वास येतो," तो म्हणाला. "रातपाळी करून वर यायचो तेव्हा पहिला हाच. मग कळायचं की जमीन आली."

इतक्या वर्षांत तो समुद्राबद्दल पहिल्यांदा बोलत होता. तिचा हात तसाच पाण्यात राहिला.

"अहो, मला कधी नेलं का न्हाई?"

त्यानं चांगल्या हातानं टबातल्या दगडावरचं शेवाळ बाजूला केलं. मग म्हणाला, "आधी भ्या वाटायचं. बघितला तर परत येणं व्हायचं न्हाई."

"आन् आता?"

"आता वाटतं, बघीन आन् आरामात परत येईन." त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. "ते लई वाईट, मंजू."

ती पांढरट नवे दगड एकावर एक रचत राहिली. एक डळमळला तेव्हा तो म्हणाला, "जरा डावीकडं," आणि तेवढंच.

दुसऱ्या दिवशी तिनं पुनमताईंना यंदाच्या गोकर्णाच्या सहलीला आपण येत असल्याचं सांगितलं. मल्लेश "जा" म्हणाला आणि स्वतः बसपर्यंत बॅग घेऊन आला.

गोकर्णाला दर्शन झाल्यावर बाया ओल्या वाळूत हसत-खिदळत पळाल्या. मंजुषा घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. पायाखालची वाळू सरकली तशी ती दचकली, पण मागं हटली नाही. लांब, पाणी संपतं तिथं एक जहाज होतं, मुंगीएवढं. तिच्या मनात आलं, त्यात खाली कुणीतरी विशीतला पोरगा घामेजून काम करत असेल. तसा मल्लेश तिनं कधी पाहिलाच नव्हता. तिच्या वाट्याला जो आला तो उतरलेला, गप्प. त्या न पाहिलेल्या पोराची तिला एवढी ओढ लागली की पुनमताई हाका मारत होत्या तरी तिला ऐकू येईना.

घरी परतली तेव्हा मल्लेश दारातच होता. पाणीसुद्धा पिऊ न देता त्यानं विचारलं, "सकाळी रंग कसा होता?"

"राखाडी. उन्हं आल्यावर हिरवा झाला."

"वारा कुठून होता? जहाजं दिसली?"

"एक दिसलं. लई लांब."

तो विचारत गेला, परगावी राहणाऱ्यानं घरच्यांची खुशाली विचारावी तसा. ती आठवून आठवून सांगत गेली. लग्नापासून तो तिच्याकडं इतका टक लावून बघत बसला नव्हता. तो आपल्याला नाही, आपल्या बोलण्यातल्या समुद्राला बघतोय, हे तिला कळत होतं. तरी ती थांबली नाही. सांगण्यासारखं संपलं तेव्हा लाटेचा आवाज कसा होता ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.