मास्तरांची रंगीत तालीम

मास्तर गाडी शिकवायचे. त्यांच्या गाडीला ब्रेक दोन, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा मास्तरांच्या. चौदा वर्षं दुसऱ्यांच्या चुका आपल्या पायाने थांबवून थांबवून त्यांची ठाम समजूत झाली होती, की जगात कुठेही काही बिघडलं तर तिथे मास्तर शेजारी बसलेले नव्हते, एवढंच त्याचं कारण.

त्यांच्या बायकोला गल्लीतली पोरं सुईबाई म्हणत. ती लॅबमध्ये रक्त काढायला होती. रोज सकाळी साठ-सत्तर दंड तिच्यापुढे यायचे. दारात आवाज चढवून बोलणारे धिप्पाड पुरुष सुई दिसली की मान फिरवून भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलू लागायचे. पुरुषांच्या धीराबद्दल तिचं मत असं लॅबमध्येच पक्कं झालं होतं. लग्नाने त्यात काही बदल केला नाही.

त्या वर्षी उन्हाळा आणि सुईबाईचा आठवा महिना एकदमच घरात शिरले. पंखा गरम हवा इकडून तिकडे ढकलायचा. सुईबाईचे पाय इतके सुजले की ती मास्तरांच्या चपला घालून कामावर जाऊ लागली. त्यात थोरल्या मुलीला शाळेची सुट्टी. ती सहा वर्षांची होती आणि कुठलीही गोष्ट उलटतपासणीशिवाय मान्य करत नसे, म्हणून तिला घरीदारी वकीलबाई म्हणत.

एका सकाळी मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, "या वेळी सगळं पद्धतशीर करायचं. मागच्यासारखी धावपळ नको."

"मागच्या वेळी धावपळ कुणाची झाली?" सुईबाईने विचारलं.

मास्तरांनी पाव तोंडात घातला. मागच्या वेळी कळा सुरू झाल्याचा निरोप मिळाला तेव्हा ते गाडी घेऊन निघाले खरे, पण वाटेत त्यांच्या मनात आलं, बाळाला अशा धुळीच्या गाडीतून घरी आणणं बरं दिसत नाही. मग त्यांनी गाडी धुवायला लावली. आतून, बाहेरून आणि टायरना पॉलिश करून. ते दवाखान्यात पोचले तेव्हा वकीलबाई तासाभराची झाली होती. गेली सहा वर्षं ते लोकांना सांगत होते की रस्त्यात फार गर्दी होती. सुईबाई दर वेळी ते मुकाट्याने ऐकून घ्यायची.

मास्तरांच्या पद्धतशीरपणाला त्याच संध्याकाळी सुरुवात झाली. घर ते दवाखाना असे तीन रस्ते त्यांनी कागदावर काढले. बॅग भरून दाराशी ठेवली. मग तालमी सुरू झाल्या. मास्तर एकदम ओरडायचे, "कळ." की सुईबाईने उठायचं, वकीलबाईने बॅग उचलायची, तिघांनी जिना उतरून गाडीत बसायचं आणि मास्तरांनी फोनवर घड्याळ लावून दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत यायचं. पहिल्या तालमीला एकोणीस मिनिटं लागली. मास्तरांनी जिन्यातल्या चार मिनिटांवर बोट ठेवलं.

"जिन्यात फार वेळ घेतेस तू."

"माझ्याबरोबर अजून एक जण उतरतंय," सुईबाई म्हणाली.

दुसरी तालीम भर दुपारी झाली, तिसरी सुईबाई डोक्याला तेल लावून बसलेली असताना. चौथ्या वेळी मास्तर "कळ" म्हणाले, तेव्हा ती पायांखाली उशी घेऊन पडली होती. ती हललीसुद्धा नाही. एरवी ती नवऱ्याशी अरे-तुरेने बोलायची, पण राग आला की त्याला मान द्यायची. "मास्तर," ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मला सांगा कसं झालं ते."

माणूस शहाणा असता तर इथे थांबला असता. मास्तरांनी बहिणीला बोलावून घेतलं.

ताई मास्तरांहून दहा वर्षांनी मोठ्या. त्या मदतीला आल्या, म्हणजे पंख्याखालची खुर्ची त्यांनी ताब्यात घेतली. ओळखीतल्या ज्या ज्या बाईचं बाळंतपण बिघडलं होतं तिची हकिगत त्या तपशीलवार सांगू लागल्या. सुईबाई कपड्यांच्या घड्या घालत ऐकायची. मधूनच तिच्या पोटाकडे बघून ताई निकाल द्यायच्या, "घेर बघ. मुलगाच आहे."

"घेर बघून कसं कळतं?" वकीलबाईने विचारलं.

"अनुभवाने कळतं."

"माझ्या वेळी काय म्हणाला होतात?"

ताईंनी सरबत मागितलं.

पण तालमींच्या कामी ताई अगदी मनापासून उतरल्या. पोटाशी उशी बांधून त्या गाडीत मागे रेलायच्या आणि वाटभर कण्हायच्या. आपलं बाळंतपण मास्तरांच्या हाती सोपवून त्या इतक्या रंगून गेल्या की आठव्या तालमीनंतर घरी आल्यावर तासभर झोपल्या. सुईबाईने त्यांच्यासाठी भात टाकला. मास्तर खूश होते. "अकरा मिनिटं," त्यांनी कागदावर लिहिलं. "आता फक्त दवाखान्याच्या आतला वेळ धरायचा राहिला."

आत म्हणजे चाकाची खुर्ची, लिफ्ट, दुसरा मजला आणि प्रसूतीची खोली. त्यासाठी नववी तालीम ठरली, गुरुवारी सकाळी साडेदहाला. सुईबाई त्या आठवड्यापासून रजेवर होती. निघताना मास्तरांनी तिला बजावलं, "मधे फोन करू नकोस. फोन आला की घड्याळ दिसत नाही. येणारे फोन बंदच करून ठेवलेत मी."

"आणि मला काही झालं तर?"

"अजून बारा दिवस आहेत," मास्तर म्हणाले. ताईंना जिना उतरवून ते निघून गेले.

ते गेल्यावर दहा मिनिटांनी सुईबाई पाणी प्यायला उठली आणि तिथेच उभी राहिली. फरशी ओली झाली होती, आणि तिच्या हातातला पेला तर अजून भरायचा होता. मागोमाग कळ आली. ती तालमीतल्यासारखी मुळीच नव्हती. तिने ओट्याची कड धरली, ती जाईपर्यंत आकडे मोजले आणि मग नवऱ्याला फोन लावला. फोन घड्याळ झालेला होता. तिने पुन्हा लावला. मग ती शांतपणे म्हणाली, "वकीलबाई, बॅग घे."

"तालीम आहे?"

"नाही."

वकीलबाईने पहिल्यांदाच उलट प्रश्न विचारला नाही.

खाली अंगणात ग्रंथपाल काकू आपल्या गाडीत पट्टा लावून बसल्या होत्या. त्या तळमजल्यावर राहायच्या. तीस वर्षं वाचनालयात काढून निवृत्त झाल्यावर त्यांनी गाडी घेतली होती आणि मास्तरांकडे शिकत होत्या. परवान्याच्या परीक्षेत त्या तीनदा नापास झाल्या होत्या. मास्तर घरी जेवताना त्यांची नक्कल करायचे. आज त्यांचा पावणेअकराचा तास होता आणि मास्तर तो तालमीच्या नादात साफ विसरले होते.

"सर येतायत ना?" काकूंनी काच खाली करून विचारलं.

"सर दवाखान्यात पोचलेत," सुईबाई म्हणाली. "आता मला पोचवा."

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. "मला? अगं, मी अजून शिकाऊ आहे."

"शिकाऊ असलं की शेजारी परवानावालं माणूस लागतं," वकीलबाई मागच्या सीटवर चढत म्हणाली. हे तिने बापाकडून शंभरदा ऐकलं होतं.

"माझ्याकडे परवाना आहे," सुईबाई म्हणाली.

तो होता. लग्नाआधी पहिल्याच फटक्यात मिळवलेला. पण मास्तरांचं म्हणणं असं, की घरात एक ड्रायव्हर असला की पुरे, दोन झाले की मतभेद होतात. त्यामुळे तो कपाटात पडून होता. कळा सोसत चाक धरायची सोय असती, तर तिने त्या दिवशी काकूंनाही त्रास दिला नसता.

गाडी निघाली. काकू चाकावर अशा वाकल्या होत्या जणू ते कुणी ओढून नेणार होतं. "आरसा, इंडिकेटर, मान," त्या पुटपुटत होत्या. डावीकडचा दिवा पहिल्या वळणाला लागला तो शेवटपर्यंत लुकलुकत राहिला. सगळा रस्ता त्यांनी दुसऱ्या गिअरमध्ये काढला. एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला आणि जाताना त्याने मागे वळून कीव केली. मोठ्या चौकात एक म्हातारा रस्ता ओलांडायला उभा होता. काकू थांबल्या. म्हाताऱ्याचा बेत रद्द झाला, तरी त्या थांबून राहिल्या.

"काकू," सुईबाई दात आवळून म्हणाली, "ते जाणार नाहीत. आपण जाऊ."

"त्यांचा हक्क आहे गं पहिला."

पुढची कळ आली तेव्हा सुईबाईने दाराची मूठ घट्ट धरली. काकूंनी रस्त्यावरची नजर काढली नाही, पण गिअरवरचा डावा हात उचलून तिच्या गुडघ्यावर ठेवला. तो गार होता. कळ जाईपर्यंत तो तिथेच होता.

दवाखान्याच्या फाटकाशी त्या पोचल्या तेव्हा सव्वीस मिनिटं झाली होती. सुईबाईने दारावरच्या माणसाकडे चाकाची खुर्ची मागितली.

"एकच आहे बाई. आत्ताच एक अडलेली बाई घेऊन वर गेलेत. नवरा फार आरडाओरडा करत होता, घाई आहे, घाई आहे म्हणून."

"तो नवरा नाही," सुईबाई म्हणाली. "भाऊ आहे तिचा."

माणूस जरा दूर सरकला.

लिफ्ट वर अडकली होती, कारण मास्तर दुसऱ्या मजल्यावर दार उघडं धरून वेळ मोजत होते. सुईबाई जिन्याने निघाली. एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला काकू, मागे बॅग फरफटत वकीलबाई. पहिल्या वळणावर ती खाली बसली, पुन्हा उठली. प्रसूतीच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत ताई पलंगावर आडव्या झाल्या होत्या आणि सिस्टर त्यांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत होती.

"वय किती?" सिस्टरने विचारलं.

"बावन्न."

सिस्टरचे हात थांबले. "हे कितवं?"

"माझं नाही हो. भावजयीचं आहे."

"मग भावजय कुठे आहे?"

"घरी आहे. तिला नको म्हटलं, उगाच दगदग होते."

"घरी नाही," दारातून सुईबाई म्हणाली. "ताई, उठा."

ताई उठल्या. उशी खाली पडली. मास्तर धावत आले ते फोनकडे बघतच. "खुर्चीची वाट बघण्यातला अर्धा तास सोडला, तर लिफ्ट धरून पंधरा मिनिटं चाळीस से..." एवढं बोलून त्यांनी वर पाहिलं. समोर बायको, तिच्या पायांत त्यांच्याच चपला, शेजारी तीनदा नापास झालेली विद्यार्थिनी.

सिस्टरने एका नजरेत ओळखलं की खरी बाई कोणती. "आत एकाच माणसाला थांबता येईल. नवरा थांबणार का?"

मास्तर पुढे झाले.

"या थांबतील," सुईबाई म्हणाली आणि काकूंचा दंड धरला.

दार बंद झालं.

काकूंना स्वतःला मूलबाळ नव्हतं. दर कळेला त्या डोळे घट्ट मिटायच्या, पण पाण्याचा पेला त्यांनी हातातून सोडला नाही आणि सुईबाईने धरलेला हातही सोडवून घेतला नाही. पाऊण तासाने मुलगी झाली, काळ्याभोर केसांची आणि मोठ्या आवाजाची. काकू खुर्चीवर बसून खूप रडल्या. सुईबाई मात्र हसत होती.

ताईंनी बाहेर आणलेल्या बाळाकडे निरखून पाहिलं. "चेहरा मात्र मुलासारखाच आहे," त्या म्हणाल्या. माघार घेताना त्या नेहमी थोडी जमीन स्वतःकडे ठेवायच्या.

"ही रडते कशाला? तिला कोण ओरडलं?" वकीलबाईने विचारलं.

संध्याकाळी खोलीत दोघंच असताना मास्तर म्हणाले, "मला का नाही घेतलंस आत?"

सुईबाईने बाळाच्या अंगावरचं कापड सारखं केलं. "मागच्या वेळी मी तीन तास एकटी होते. मला गाडी नको होती रे. कुणीतरी पाणी द्यायला हवं होतं. या वेळी तू महिनाभर मला विचारलंस, किती मिनिटं लागली. एकदा तरी विचारलंस का, भीती वाटते का?"

"वाटत होती?"

"आता विचारतोस."

मास्तर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी मास्तरांचा सोबती, त्यांच्यासारखाच गाडी शिकवणारा, दवाखान्यात बाळ बघायला आला. त्याने विचारलं, "वेळेत पोचलात ना या वेळी?" आणि मास्तरांच्या अंगात जुनं वारं शिरलं. ते खुर्चीत सरसावून बसले. "अरे, नऊ तालमी केल्या होत्या. त्यामुळे बरोबर वेळेत..."

"कोण?" सुईबाईने विचारलं.

मास्तर वाकून खुर्चीखाली चपला शोधू लागले.

"तालमीला ताई वेळेत पोचल्या," ती सोबत्याला म्हणाली. "मी काकूंच्या गाडीतून आले. आणि मागच्या वेळी रस्त्यात गर्दी नव्हती. हा गाडी धुवायला थांबला होता."

सोबत्याने आधी मास्तरांकडे पाहिलं, मग छताकडे. मग त्याला एकदम आठवलं की त्याची एक विद्यार्थिनी खाली खोळंबली आहे. तो गेला.

सुईबाईला वाटलं, आता हा माणूस चिडेल, किंवा निदान समजावून तरी सांगेल, कारण समजावून सांगणं हा त्याचा धंदाच होता. पण बाळाने त्याच क्षणी दुपटं ओलं केलं आणि ओरडायला सुरुवात केली.

"मी काय करू?" मास्तरांनी विचारलं. सुईबाईच्या आठवणीत तरी हा प्रश्न त्यांनी कुणालाही पहिल्यांदाच विचारला होता.

"हे धुऊन आण."

ते दुपटं दोन बोटांत धरून गेले. मोरीतून बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. परत आले तेव्हा शर्ट छातीपर्यंत भिजला होता, दुपट्यातून फरशीवर पाणी ठिबकत होतं आणि त्यांना ते नीट पिळताही आलं नव्हतं.

"कुठे वाळत घालू?"

तिने हनुवटीने खिडकीकडे खूण केली. बाहेर ऊन रणरणत होतं. त्यात ते अर्ध्या तासात वाळणार होतं आणि तोवर दुसरं ओलं झालेलं असणार होतं.