पाठ चोळायची राहिली

खुंटीवरचा अंग चोळायचा खरखरीत हातमोजा अजून गळत होता... आज फेड करायची म्हणून बुरुलनेच तो भिजवून ठेवला होता, आणि आता त्याच्याकडे बघत ती हिशेब करत होती. नूरजातला आत घेऊ नका म्हणून नुसती मान हलवली तर पदरात काय पडेल? भट्टीजवळचा कोपरा, सायकालचा गोड शब्द, आणि किर्गिझस्तानातल्या काराकोलच्या या हमामात सगळ्या तिला ‘एजे’ म्हणतात – थोरली बहीण – तो मान. न हलवली तर एक पाठ फिटेल. बस्स.

गेल्या गुरुवारी, बायकांच्या वारी, नूरजातने तिची पाठ चोळली होती. रीतच आहे इथली. अनोळखी शेजारणीचीही चोळायची, मग आपली पुढे करायची. पण बुरुलला वाफेने गरगरलं, ती उठून गेली, नूरजातची पाठ राहिली... काय हात होता! दुखरी जागा न विचारता सापडणारा – नवरा गेल्यापासून तिथे कुणी पोचलंच नव्हतं.

“शाळेत ही मुलग्यांच्या रांगेत असायची,” नूरजातकडे बोट दाखवत सायकाल म्हणाली. तिची तेरा वर्षांची लेक टॉवेल छातीशी घट्ट धरून उभी.

गल्ल्यावरच्या गुलबाराने नूरजातचा पासपोर्ट उलटसुलट केला. “यात तर ‘स्त्री’ लिहिलंय, बाई. शिक्का आहे.”

“शिक्का अंघोळ करत नाही, गुलबारा. माझी पोर कपडे काढते इथं.”

“मग मी कुठं जाऊ?” नूरजात म्हणाली. “आमच्या आळीतले नळ गोठलेत. पुरुषांच्या वारी येऊ? तुझा नवरा असतो तेव्हा?”

कुणीतरी हसलं.

“एजे, तुम्हीच सांगा,” गुलबारा बुरुलकडे वळली.

पोरीची भीती खोटी नव्हती. त्या वयात बुरुलनेही टॉवेल असाच धरला होता – आणि नूरजातने, तिला आत्ता दिसलं, तस्साच धरला होता. मग मी मान हलवली? छे, मी तर बोललेच नाही काही... ती नुसती मोज्याकडे बघत राहिली, आणि तेवढं पुरलं. नूरजातने कोरड्या केसांवर टोपी ओढली. दारातून बर्फाची झुळूक आत आली.

वाफेत सायकालने मोजा चढवला. “वाका, एजे.” हात प्रेमाचा, पण घाईचा, खांद्यांवरून फिरून परत गेला. पोर मोकळेपणी पाणी उडवत होती – तेही खरंच होतं. गुलबाराला शांतता, सायकालला लेकीचं हसू, बुरुलला कोपरा. भरलं ते नूरजातने एकटीनेच... जमाखर्च जुळला म्हणून बुरुल मागे टेकायला गेली, आणि मणक्यापाशी ती जागा जागी झाली – जिथे स्वतःचा हात पोचत नाही.