वाकड्या आट्यांचा अडॅप्टर

शनिवारी सकाळी व्हर्ना टोलेफसन तक्रारीचं पत्र लिहायला बसली. मोंटानातल्या त्या लहानशा गावात बंदुका दुरुस्त करणारी ती एकटीच. बत्तीस वर्षं तिचा लेथ, म्हणजे आटे कापायचं यंत्र, दुकानाच्या त्याच खिडकीखाली होता.

तक्रार होती एका अडॅप्टरची. अंगठ्याच्या पेराएवढा पोलादी तुकडा, आतून एका मापाचे आटे, बाहेरून दुसऱ्या. पिस्तुलाच्या नळीचे आटे आणि सायलेन्सरचे आटे जुळत नसले की हा मध्ये बसवायचा, म्हणजे एकच सायलेन्सर वेगवेगळ्या पिस्तुलांना चालतो. तिने मागवलेल्या दोन अडॅप्टरपैकी एकाचे आटे किंचित तिरके कापलेले निघाले होते. तो तिने परत पाठवायला बाजूला काढला होता. दुसरा, चांगला, काल दुकान बंद करता करता मर्ल ओकरलंडला दिला होता.

पत्रात तुकड्यावरचा नंबर लिहायचा होता. वाकड्याचा शेवटचा आकडा आठ, चांगल्याचा तीन, हे तिने वहीत टिपलेलं होतं. तिने तुकडा भिंगाखाली धरला. आठ दिसला. दिव्याजवळ नेला. तीन दिसला.

तिने डोळे चोळले, परत पाहिलं. तीनच.

तिने एका रिकाम्या पिस्तुलावर तो अडॅप्टर चढवला, त्यावर सायलेन्सर, आणि नळीतून तपासणीची सरळ सळई घातली. सळई सायलेन्सरच्या तोंडातून अगदी मधोमध बाहेर आली. हा चांगला होता. म्हणजे वाकडा मर्लच्या खिशात गेला होता.

काल मर्ल घाईत होता. लाकूड कापायच्या गिरणीत तीस वर्षं काढलेला माणूस, कानात सतत शिट्टी वाजायची त्याच्या. "जॉइसचं डोकं दुखतं ना आवाजाने," तो बायकोबद्दल म्हणाला होता. "उद्या सकाळी तिला खडीच्या खाणीवर नेतो. माझं जुनं पिस्तूल आणि हा सायलेन्सर. तो लावल्यावर पहिली गोळी तिचीच!"

"थांब, सळई घालून दाखवते," असं ती दर गिऱ्हाइकाला म्हणायची. काल म्हणाली नव्हती.

सायलेन्सर तिरका बसला की गोळी आतल्या चकत्यांवर आदळते. मग त्याचे तुकडे कुठे उडतील ते कुणाच्या हातात राहत नाही.

तिने मर्लच्या घरी फोन लावला. वाजत राहिला. खाणीवर तर फोन लागतच नाही. सळई केशरी जॅकेटच्या खिशात खोचून, दुकानाला कुलूप न लावताच तिने गाडी काढली.

घाटात पुढे गवताच्या गठ्ठ्यांनी भरलेला ट्रेलर रांगत चालला होता. तिने हॉर्नवर हात दाबून धरला. ट्रेलरवाल्याने खिडकीतून हात काढून तिला आकाश दाखवलं, म्हणजे उडून जा. तिने वळणावरच गाडी पुढे घातली. समोरून कुणी आलं असतं तर, हा विचार तिला पुढे गेल्यावर सुचला.

खाणीचं फाटक साखळीने बंद होतं. ती उतरली तेवढ्यात वरून आवाज आला. ठाण्ण! परत, ठाण्ण! डोंगरावर आपटून येणारा, कानठळ्या बसवणारा आवाज.

तिला रडू येईल इतकं बरं वाटलं. एवढा मोठा आवाज म्हणजे सायलेन्सर अजून लावलेला नाही. ती साखळीखालून वाकून गेली आणि चढ चढू लागली. ठाण्ण. वाजव, मर्ल, ती मनात म्हणत होती, अजून वाजव.

मग आवाज थांबले.

एवढी भीती तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आता तो बसवत असणार. ती पळू लागली. एकसष्टाव्या वर्षी, जड बूट घालून, घसरणाऱ्या खडीवर. "मर्ल! थांबा! गोळी झाडू नका!" घशातून आवाज फुटला, पण वर पोचल्यावर दिसलं की दोघांच्या कानांवर आवाज अडवणारे जाड मफ होते. पाठमोरे उभे होते. मर्ल एक पाऊल मागे सरकला होता आणि जॉइस दोन्ही हातांनी पिस्तूल उचलत होती. नळीपुढे तो लांब काळा सायलेन्सर.

मागून जाऊन हात लावावा, तर दचकून बोट दाबलं जाईल. व्हर्ना बाजूच्या ढिगाऱ्यावर चढली आणि जॉइसला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसेल इतकी पुढे आली, दोन्ही हात वर करून.

जॉइसला तिचं केशरी जॅकेट दिसलं. तिने पिस्तूल जमिनीकडे केलं. तिचं बोट अजून चापाच्या बाहेरच होतं.

मर्लने मफ ओढून काढले. "डोकं फिरलंय का तुझं? बंदुकीपुढे येतेस? बत्तीस वर्षं लोकांना हेच शिकवलंस ना तू?"

व्हर्नाला धाप लागली होती. तिने नुसती खिशातली सळई दाखवली.

पिस्तूल रिकामं करून तिने सळई आत सोडली. ती सायलेन्सरच्या तोंडाशी आली आणि मधोमध न येता कडेला टेकून अडकली. मर्लने वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग त्याने बायकोच्या हातांकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"माल खराब आला होता का?" त्याने विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. "आला होता. मला ते ठाऊकही होतं," व्हर्ना म्हणाली. "पण दिला मी. मला आठ आणि तीन वेगळे दिसत नाहीत, मर्ल. माझे डोळे गेलेत."

"कधीपासून?" जॉइसने विचारलं.

"हरणांच्या शिकारीच्या गेल्या मोसमापासून."

"आणि गप्प बसलीस?" मर्लचा आवाज चढला. "माझ्या बायकोच्या हातात दिलंस हे! मेली असती ती!"

"मर्ल, पुरे," जॉइस म्हणाली, पण तिचा स्वतःचा आवाजही कापत होता. "तिला खाली तरी बसू दे."

जॉइसने थर्मासमधली कॉफी तिच्या हातात दिली. अर्धी हातावरच सांडली. मर्ल पाठ फिरवून उभा राहिला. व्हर्नाची गाडी जॉइसनेच चालवत गावात आणली.

दुपारी व्हर्नाने वही काढली. जॉइसने मोठ्याने नावं वाचली आणि तिने फोन लावले. त्या मोसमापासून तिने नळीचं काम करून दिलेली तेवीस माणसं. "काहीही झाडू नका, आधी माझ्याकडे आणा," एवढंच प्रत्येकाला. काही हसले, एकाने शिव्या दिल्या. बावीस जण सापडले. तेविसावा फोन उचलेना. ते दोन दिवस तिला घास गिळवेना, फोन वाजला की ती धावत जायची.

सोमवारी सकाळी त्याने उचलला. आयडाहोला बहिणीकडे गेला होता, पिस्तूल कपाटात पडून होतं.

व्हर्ना फोन ठेवून जमिनीवरच बसली. जॉइस तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला आली, तेव्हाही ती तिथेच होती.