टाके नसलेली गादी

गादीवाल्याचा एक हट्ट होता. लेकीला, म्हणजे ठमीला, दम लागला की तो डॉक्टरांचं औषध तर द्यायचाच, वर तिच्या अंथरुणात आणखी एक मऊ गादी घालायचा. पोरगी सुखानं निजावी, एवढंच त्याचं म्हणणं. आणि पोरगी रोज पहाटे छातीतून शिट्टी वाजवत उठायची.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. गादीत, उशीत वस्ती करतात. त्यांचाच हिला त्रास होतोय."

"माझ्या गादीत किडे?" गादीवाल्याचा पारा चढला. "बाई, गावभर लोक माझ्या गाद्यांवर घोरतात!"

"घोरू देत. किडे सगळ्यांच्याच गादीत असतात, सगळ्यांना बाधत नाहीत. हिला एकच गादी ठेवा, तिला घट्ट विणीची, चहूबाजूंनी बंद खोळ घाला. चादरी दर आठवड्याला कढत पाण्यात धुवा. आणि श्वासाचा पंप चालूच ठेवायचा."

दवाखान्यातून घरी येताना बायको म्हणाली, "अहो, रुसताय काय? पोरीपेक्षा गादी लाडकी का?" तेव्हा कुठे गडी वरमला.

जादा गाद्या त्यानं काढून टाकल्या आणि उरलेल्या एकीला खोळ अशी शिवली की मुंगी शिरेल तर शपथ! पण हाताची सवय वाईट. खोळ चढवली आणि लांब सुई घेऊन गादीला आरपार टाके घातले, ओळीनं, एकसारखे. टाक्यांशिवाय गादी म्हणजे गाठोडं, हे बापजाद्यांपासून रक्तात भिनलेलं.

ठमीची शिट्टी काही थांबेना. "बघ, बाईंचं शास्त्र फुसकं निघालं," तो बायकोला म्हणाला. पण मनातून पार खचला होता. आता करायचं तरी काय?

ठमी गादीवर पालथी पडून टाक्याच्या भोकात नख घालत होती. "बाबा, किडे इथून बाहेर येतात का रे?"

गादीवाल्यानं कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई, मीच दारं करून दिली की त्यांना!"

त्याच दुपारी त्यानं टाके उसवले, नवी खोळ चढवली आणि सुई लांब ठेवून दिली. कापूस सरकून गादीला जागोजागी टेंगळं आली. घरी आलेल्या एका गिऱ्हाइकानं विचारलंच, "ही तुमच्या हातची?"

"माझ्याच!" गादीवाला ठणकावून म्हणाला.

काही आठवडे गेले. शिट्टी बारीक झाली, मग अधूनमधूनच वाजायला लागली. एका सकाळी गादीवाल्याला जाग आली तेव्हा उन्हं पार घरात आली होती. खोकला नाही, शिट्टी नाही. तसाच धावला, ठमीच्या नाकापुढे हात धरला. ऊन ऊन श्वास बोटांना लागला. छातीला कान लावला. आत काहीच वाजत नव्हतं.

ठमीनं एक डोळा उघडला. "बाबा, झोपू दे की रे!"

"झोप गं बाई, झोप," म्हणत तो तिथंच जमिनीवर बसला आणि हसता हसता रडायला लागला.

त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं. कुणी न विचारताच तो येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटला, "लेक झोपली होती हो!"