उन्हाळी वेळेतला डाव

"मोबाईल बंद करून या पिशवीत टाका. वाजला तर डाव गेला, थरथरला तरी गेला. मग मला आईची शपथ घालायची नाही."

दर फेरीआधी मी हे असंच ओरडून सांगतो. गेल्या वर्षी बाहेरगावचा एक वकील संडासात मोबाईलवर चाली बघताना सापडला, तेव्हापासून तर मी सख्ख्या भावालाही सवलत देत नाही. त्या शुक्रवारी सकाळी आमच्या तंता शहरातल्या युवक केंद्रात शेवटची फेरी होती. एकेक जण येऊन निमूटपणे मोबाईल टाकत होता. रिफअत सगळ्यात शेवटी आला आणि पिशवीपाशी उभा राहून अंगठ्याने काहीतरी लिहीतच राहिला.

"टाक रे बाबा," मी म्हणालो.

"एक मिनिट, मास्तर. कुवेतच्या माणसाला एवढंच कळवतो की दुपारपर्यंत मी मेलोय."

"कळव. आणि मातीला येणार का तेही विचारून घे."

हॉलमध्ये हशा पिकला. रिफअतही हसला आणि मोबाईल पिशवीत टाकून आपल्या पटाकडे गेला.

हा माझा शाळेतला विद्यार्थी. मी भूगोल शिकवायचो आणि मधल्या सुट्टीत बुद्धिबळ. भूगोल कोणाच्या लक्षात राहिला नाही, पण रिफअतला बुद्धिबळाने धरलं ते धरलंच. आता त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झालेत. आमच्या प्रांताच्या संघात चार जागा असतात, त्यातली एक मिळवून एकदा कैरोला राष्ट्रीय स्पर्धेत बसायचं, एवढंच त्याचं शाळेपासूनचं मागणं. मला विचाराल तर ते फार मोठं नव्हतं. त्याच्याहून कच्चे खेळाडू जाऊन आले आणि तिकडचे फोटो दुकानात लावून बसले.

रिफअतच्या आड यायचं ते त्याचं काम. आधी तो एका बँकेत संगणकाच्या विभागात होता. तिथला साहेब स्पर्धेसाठी रजा द्यायचा नाही, म्हणून याने नोकरीच सोडली आणि घरी बसून लोकांना प्रोग्रॅम लिहून द्यायला लागला. त्या दिवशी क्लबात बसबूसा, आमची रव्याची मिठाई, वाटली होती. "आता मीच माझा साहेब, मास्तर! वाटेल तेव्हा खेळेन." मीही एक तुकडा जास्त खाल्ला. सहा महिन्यांनी भेटला तेव्हा डोळे तांबारलेले. म्हणाला, "पूर्वी एक साहेब होता, आता सात आहेत. आणि सातही जण वेगवेगळ्या देशात उठतात."

मग हे नेहमीचंच झालं. एकदा दमनहूरच्या स्पर्धेत एक हत्ती वर असताना याने डाव सोडला, कारण रियाधमधल्या कुठल्याशा गालिचेवाल्याचं दुकान संगणकावर उघडत नव्हतं. एकदा तर दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात जिन्यात बसून काम करत राहिला आणि पुढच्या फेरीला त्याचं घड्याळ एकटंच चालत होतं. क्लबातले लोक म्हणायचे, अर्धा डाव रिफअत खेळतो आणि उरलेला गिऱ्हाईक. त्याची बायको नहला एकदा मला फोनवर म्हणाली, "मास्तर, तुमचं ऐकतो तो. खेळायचं तर खेळ म्हणावं, काम करायचं तर कर म्हणावं. जेवताना ताटाशेजारी पट आणि पटावर बसला की डोक्यात काम, असं माणसाने किती दिवस जगायचं?" मी सांगतो म्हणालो. सांगितलं काहीच नाही. त्याला कामही सोडवत नव्हतं आणि खेळही, यात मी काय सांगणार होतो?

यंदा मात्र जमून आलं होतं. तीन जागा ठरल्यासारख्याच होत्या. चौथीसाठी रिफअतला शेवटचा डाव जिंकायला हवा होता, बरोबरी पुरणार नव्हती. समोर होते डॉक्टर लबीब. त्यांचं औषधांचं दुकान आहे आणि आमच्या गल्लीत अर्धे आजार त्यांच्याच सल्ल्याने बरे होतात. ते हरले नाहीत तर चौथी जागा त्यांची. माणूस सज्जन, पण खेळायला संथ. त्यांच्या दोन चालींच्या मध्ये समोरच्याची दाढी वाढते.

त्यात त्या वर्षी सरकारने उन्हाळी वेळ परत आणली होती. बऱ्याच वर्षांत घड्याळाला कोणी हात लावला नव्हता, आणि नेमकं आदल्या मध्यरात्री ते एक तास पुढे करायचं होतं. हॉलमधलं घड्याळ मी स्वतः स्टुलावर चढून पुढे केलं. आठवडाभर सगळ्यांना बजावलं, फेरी नव्या नऊला, उशीर करणाऱ्याचा डाव गेला. तरी दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

रिफअत त्या सकाळी सुंदर खेळला. मी पंच आहे, मला बाजू घ्यायची मुभा नाही, पण डोळे तर आहेत ना. पहिल्या तासातच त्याने एक प्यादं खाल्लं, मग लबीबच्या राजापुढची भिंत मोकळी केली आणि उंट असा लांबून रोखून ठेवला की डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. ते चष्मा पुसायला लागले की समजावं, पेशंट सीरियस आहे. मी मुद्दाम दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो, चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून.

तेवढ्यात दार ढकलून शअबान आत आला. हातात गरम फुटाण्यांची पुडी, एकदम निवांत.

"अरे वा! माझ्याशिवायच सुरू केलंत?"

"तुझा डाव गेला," मी हळू आवाजात म्हणालो. "तास होत आला."

"कसा गेला? हे बघा, नऊला दोन मिनिटं कमी आहेत." त्याने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "यात आपोआप बदलणार होतं! दुकानदाराने तसं सांगितलं होतं मला."

"तुझ्या मोबाईलला सरकारचा हुकूम पोचला नाही वाटतं. बंद कर तो आणि पिशवीत टाक."

आसपासचे खुसुखुसु हसले. मी रिफअतकडे पाहिलं, तो हसत नव्हता. पटाकडेही बघत नव्हता. शअबानच्या हातातल्या मोबाईलकडे बघत होता.

त्यानंतर त्याने एक चाल घाईने खेळली, चांगलीच होती. मग उठून माझ्याकडे आला. पंचाशी बोलायला खेळाडूला परवानगी असते. मी त्याला दाराबाहेर व्हरांड्यात घेतलं.

"मास्तर, शअबानच्या मोबाईलने वेळ बदलली नाही."

"जसा मालक तसा मोबाईल. तू डावाकडे बघ."

"ऐका तरी. हाज सबरींच्या ट्रॅव्हल ऑफिसचं काम माझ्याकडे आहे. आज त्यांची चाळीसएक माणसं मक्केला, उमऱ्याच्या यात्रेला निघाली आहेत, सगळी खेड्यांतली. बारा वाजता ऑफिसपासून बस सुटते विमानतळाला. घरातून कधी निघायचं, तो मेसेज माझा प्रोग्रॅम पाठवतो. लांबच्याला आधी, जवळच्याला नंतर." तो जवळ सरकला. "नवी वेळ मी माझ्या घरच्या मशीनवर घातली. मेसेज पाठवणाऱ्या मशीनवर घातली की नाही, ते आठवत नाही. मास्तर, आईशप्पथ आठवत नाही. नसेल घातली, तर मेसेज तासभर उशिरा जाणार. ती माणसं घरातून निघेपर्यंत बस सुटलेली असेल."

"मी करतो फोन सबरीला."

"ते स्वतः आधीची तुकडी घेऊन पुढे गेलेत. ऑफिसात एकटी सुआद आहे, तिला यातलं काही करता येत नाही. मलाच लॅपटॉपवर बसायला हवं."

बुद्धिबळाचा डाव चालू असताना खेळाडू संगणकापुढे बसणार! याहून मोठा गुन्हा आमच्याकडे नाही.

"लॅपटॉप उघडलास तर डाव संपला," मी म्हणालो.

"माहीत आहे."

"आणि घातली असशील तू नवी वेळ तर? उगाच जिंकलेला डाव जाईल, रिफअत."

"घातली असेन तर चांगलंच आहे ना, मास्तर." तो आत वळला. "ती माणसं पुन्हा कधी जाणार?"

खुर्चीत बसून त्याने डॉक्टरांपुढे बरोबरीचा प्रस्ताव ठेवला. बरोबरीने त्याची जागा जाणारच होती, पण निदान पराभव नको, असा त्याचा हिशेब असावा. आता लबीबच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने लगेच हात पुढे केला असता. बुडत्या माणसाला समोरून होडी चालत आली होती. पण डॉक्टर घाबरले. जिंकणारा माणूस बरोबरी कशाला देईल? नक्की काहीतरी डाव आहे. त्यांनी पट नीट न्याहाळला, खुर्ची पुढे ओढली, कपाळ दोन्ही हातांत धरलं आणि विचार करायला लागले. कारण सांगायला रिफअतला तोंड उघडता येत नव्हतं, नियमच तसा आहे. मलाही येत नव्हतं. डॉक्टरांच्या घड्याळात वेळ भरपूर होता आणि तो ते मनसोक्त वापरत होते. रिफअत भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. मी मनातल्या मनात लबीबला नको ते बोलत होतो.

शेवटी रिफअत उठला. घड्याळ थांबवलं आणि हात पुढे केला.

"हरलो, डॉक्टर."

लबीबनी तो हात धरला, पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, गोंधळ होता. तोवर रिफअतने पिशवीतून आपला मोबाईल उपसून काढला होता आणि तो जिना उतरत होता.

मला त्याचा फार राग आला. खोटं कशाला बोलू? चाळीस यात्रेकरूंचा विचार माझ्या मनात तेव्हा आला नाही. मला वाटलं, एवढी वर्षं वाट पाहिली पोराने, आणि आजही, आजसुद्धा गिऱ्हाईकच जिंकलं. निकालाच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे शून्य लिहिताना मी पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

जुम्म्याचा नमाज झाल्यावर तो परत आला. हरल्याच्या कागदावर सही करायची राहिली होती, आणि असल्या बाबतीत तो टापटिपीचा. बक्षिसं वाटून झाली होती. लोक खुर्च्या एकावर एक रचत होते. डॉक्टर लबीब मात्र कोट हातावर घेऊन त्याच पटापाशी बसले होते. सोंगट्या कोणाला हलवू दिल्या नव्हत्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"नव्हती घातली," रिफअत म्हणाला. "जुन्याच वेळेने चालू होतं. मी लॅपटॉप उघडला तोवर एकही मेसेज गेला नव्हता. लगेच सगळ्यांना पाठवले, मग सुआदला फोन केला. ती काय म्हणाली असेल?"

"काय?"

"म्हणाली, 'इंजिनिअरसाहेब, कसला मेसेज? लोक पहाटेच्या नमाजापासून इथे बोचक्यांवर बसलेत. ऑफिस उघडायला मी आले तर मलाच म्हणाले, पोरी, उशीर केलास.'" तो हसायला लागला आणि हसता हसता खाली बसला. "मक्केला जायला कोण मोबाईलची वाट बघतं, मास्तर? हे मला कळायला नको होतं का?"

मला हसू येईना. "म्हणजे फुकट गेला डाव."

"अगदीच फुकट नाही. एक बाई नव्हत्या आल्या. इहसान म्हणून, शिवणकाम करतात. ऐकू येत नाही त्यांना, फोन करून उपयोग नाही. नाव नोंदवायला आल्या तेव्हा मीच त्यांना खुणेने सांगितलं होतं, हा हातात थरथरला की निघायचं, त्याआधी नाही." त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवून, मोबाईल धरल्यासारखे करून दाखवले. "सकाळपासून पांढरे कपडे घालून दारात तशा बसून होत्या म्हणे. थरथरला, आणि निघाल्या. बस सुटायला पाच मिनिटं असताना पोचल्या."

मी सहीचा कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने सही केली.

"आता मला एक सांगा, इंजिनिअरसाहेब," डॉक्टर लबीब म्हणाले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "बरोबरीमागे काय सापळा होता? एवढा वेळ बघतोय, दिसत नाही मला."

"सापळा नव्हताच, डॉक्टर."

"मग मी हरत होतो का? खरं सांगा."

रिफअतने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. मग डॉक्टरांची राहिलेली चाल त्यांच्याकडून करून घेतली आणि घोडा उचलून शह दिला. डॉक्टरांनी राजा बाजूला घेतला. रिफअतने वजीर दिला, अगदी फुकट, लबीबला तो घेणं भागच होतं. मग तो मघाचा लांबचा उंट सरकला आणि मात झाली, पटावर पुढे काहीच उरलं नाही. आजूबाजूचे चारपाच जण खुर्च्या टाकून बघायला आले होते. मी तीस वर्षं पंच आहे, माझ्या क्लबात इतका देखणा शेवट मी पाहिला नव्हता, आणि तो कुठल्याही कागदावर लिहिला जाणार नव्हता.

डॉक्टर लबीबनी हळूच बोट लावून आपला राजा आडवा केला.

रिफअतने तो उचलला आणि त्याच घरात परत उभा ठेवला.

"निकाल लागलाय, डॉक्टर," तो म्हणाला. "याला घेऊन कैरोला जायचंय तुम्हाला. उभा राहू द्या."