शेकोटीजवळ वहिनी

निसर्गाच्या सान्निध्यात दोन दिवस काढायला आलेल्या माणसांना निसर्ग फार वेळ पुरत नाही. आल्या आल्या ती डोळे मिटून छाती भरून हवा घेतात, गाईच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात, झाडाला बांधलेल्या झोळीत आळीपाळीने लोळतात, आणि दुपारचं जेवण अंगावर यायच्या आत त्यांना करमेनासं होतं. मग बोलायला माणूस लागतं. या शेतावर ते माणूस म्हणजे वहिनी.

तिचा नवरा पाहुण्यांचा दादा होता, सासू आजी होती आणि ती वहिनी. वडिलांच्या वयाचे गृहस्थसुद्धा तिला बिनदिक्कत वहिनी म्हणायचे. शेताच्या कडेला तंबूंची रांग, त्यामागे दोन लाकडी खोल्या, मधल्या मोकळ्या जागेत शेकोटी आणि एका बाजूला उघडं स्वयंपाकघर. उघडं अशासाठी, की वहिनी स्वयंपाक करताना सगळ्यांना दिसायला हवी. पुढे चूल होती, तिच्यावर वहिनी एक मोठं पातेलं ढवळत बसायची. खरा स्वयंपाक मागे, पडद्याआड, सासू गॅसवर उरकायची. पाहुणे बोटं चाटत म्हणायचे, "वहिनी, तुमच्या हाताला काय चव आहे हो." पडद्याआडून सासू खाकरायची, पण बाहेर यायची नाही. धंद्यात कोणी कुठे दिसावं हे त्या म्हातारीला मुलापेक्षा जास्त कळत होतं.

लग्नाआधी आणि लग्नानंतरही काही वर्षं वहिनी शहरात एका लॅबमध्ये रक्त तपासायची. काचपट्टीवर थेंब पसरायचा, मायक्रोस्कोपला डोळा लावायचा, आणि आजूबाजूच्या जगाने गप्प बसायचं. तिथे तिला कोणी हसायला सांगत नव्हतं. मग नवऱ्याची नोकरी गेली, शेत आठवलं, आणि शेतावर पाहुणे ठेवायची कल्पना त्याच्या डोक्यात शिरली. "एकदा जम बसू दे," तो म्हणाला होता, "मग मदतीला बाई ठेवू आणि तू लाग परत तुझ्या कामाला." जम बसला. चांगला पाय पसरून बसला. तिच्या कामाचा विषय मात्र दरवेळी हंगाम संपल्यावर काढायचा ठरायचा, आणि एक हंगाम संपायच्या आत दुसरा सुरू व्हायचा.

बाई ठेवून पाहिली नव्हती, असं नाही. वहिनी भावाच्या लग्नाला गेली तेव्हा ठेवली होती. बाई कामाला वाघ होती. पण पाहुण्यांनी जाताना इंटरनेटवर लिहिलं, "जागा सुंदर, जेवण छान, पण वहिनी नव्हत्या. मजा आली नाही." नवऱ्याने ते वाचून दाखवलं तेव्हा त्याच्या आवाजात कौतुक होतं. आपण इथल्या सामानात मोजले गेलोय, हे वहिनीला मात्र त्या दिवशी कळलं.

अशात लॅबच्या डॉक्टरबाईंचा फोन आला. शेतावर फोनला रेंज नव्हती. तशी जाहिरातच होती, 'जगापासून दूर', आणि त्याचे वेगळे पैसे पडायचे. रेंज यायची ती उतारावरच्या पाण्याच्या टाकीपाशी. वहिनी टाकीला टेकून उभी होती आणि डॉक्टरबाई त्यांच्या नेहमीच्या तुटक आवाजात सांगत होत्या. "लॅबमधली माझी मुख्य मुलगी लग्न करून चालली. नव्यांना शिकवायचं त्राण माझ्यात नाही. जागा तुझ्यासाठी धरून ठेवते, पण महिनाअखेरपर्यंत. शेवटच्या दिवशी लॅब बंद व्हायच्या आत हो की नाही सांग. हो म्हणालीस तर ये, नाहीतर दुसरी घेते. मग मला दोष देऊ नकोस."

वहिनी उतारावरून जवळजवळ पळतच खाली आली.

नवरा तंबूचे खुंटे ठोकत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर भांडून निघता आलं असतं.

"शनिवार-रविवार तरी येशील?" त्याने विचारलं.

"लॅब शनिवार-रविवारीच जास्त चालते. सुट्टी असते तेव्हाच लोक रक्त द्यायला येतात. माहितीय तुम्हाला."

"मी अडवत नाही तुला. पण लोक तुझ्यासाठी येतात गं. ते तुझ्यावाचून खूश होऊन जायला लागले ना, की मी स्वतः तुला शहरात सोडून येतो. शब्द देतो."

तिने तो शब्द घट्ट धरला. महिना हातात होता. पाहुण्यांना आपण नकोसं व्हायचं, एवढंच काम. त्यात काय अवघड, असं तिला वाटलं. नकोशी माणसं जगात किती सहज होतात.

पहिल्या शनिवारी तिने हसणं बंद केलं. कोणी पाणी मागितलं तर "विहीर तिकडे आहे" म्हणून बोट दाखवलं. एका जोडप्याने नाश्ता कधी मिळेल विचारलं, तिने त्यांच्या हातात खुरपं दिलं आणि म्हणाली, "आधी तो वाफा साफ करा. इथे आयतं काही मिळत नाही." जोडपं गपचूप वाफ्यात जाऊन बसलं. पडद्यामागे जाऊन गॅसवरचा भातसुद्धा तिने मुद्दाम लागू दिला, सासू डोळे वटारत असताना.

सोमवारी नवरा टाकीपासून धावत आला. त्याचा चेहरा फुलला होता. "ऐक," म्हणून तो फोनवरचं वाचायला लागला. "'इथे खोटं आदरातिथ्य नाही. वहिनी स्पष्ट बोलतात, कामाला लावतात. आयुष्यात पहिल्यांदा हाताला माती लागली. भाताला चुलीच्या धुराचा तो खास वास.' अगं, त्या बाईच्या हाताला फोड आलेत आणि तिने त्यांचा फोटो टाकलाय."

वहिनीने कपाळावर हात मारला. पुढच्या शनिवारपर्यंत फाटकावर नवी पाटी लागली होती, 'वहिनींसोबत शेतकाम'. पाहुण्यांनी घरून टोप्या आणि हातमोजे आणले होते. ती जेवढी खेकसे तेवढे ते खुलत. एका वकिलाला तिने "नीट धरा ते, नाजूक हाताचं इथे काम नाही" असं सुनावलं, तर तो बायकोला म्हणाला, "बघ, इतकी वर्षं मला कोणी असं खरं बोललं नव्हतं." हसावं तर आवडते, ओरडावं तर त्याहून आवडते, मग माणसाने करावं तरी काय?

तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी शेकोटी नुकतीच पेटली होती. गोल करून बसलेल्या पाहुण्यांमध्ये जाड चष्म्याची एक बाई होती. ती मघापासून उसासे टाकत होती. ती म्हणाली, "वहिनी, किती सुखी आहात तुम्ही. मोकळं आकाश, मोकळी हवा. आम्ही तिकडे नुसते अडकलोय."

वहिनीच्या हातातलं लाकूड तसंच राहिलं. तिने काही ठरवलं नव्हतं. तोंडातून आपोआप यायला लागलं.

"मला इथे राहायचं नाहीये," ती म्हणाली. "मला हे आकाश नको झालंय. मी रक्त तपासायची. मला त्या कामात गोडी होती. एकदा एका मुलाच्या रक्तात मला काहीतरी वेगळं दिसलं, मी डॉक्टरबाईंना पुन्हा बघायला लावलं, आणि तो मुलगा वाचला. त्याच्या आईला माझं तोंडसुद्धा माहीत नाही. मला तसंच बरं वाटायचं. इथे मला सगळे बघतात आणि मी कोण आहे ते एकालाही माहीत नाही. हे पातेलं खोटं आहे. त्यात नुसतं पाणी आहे. स्वयंपाक आई करतात. मी रोज सकाळी उठते आणि मला वाटतं, आज निघते. आणि रोज कोणीतरी येतं आणि म्हणतं, वहिनी, चहा."

नवरा सरपणाची मोळी घेऊन उभा होता, तो उभाच राहिला. चष्मेवाली बाई उठली, वहिनीजवळ येऊन बसली आणि तिचा हात हातात घेऊन रडायला लागली. दुसऱ्या एका बाईनेही डोळ्याला पदर लावला. वहिनीला छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत तिचं बोलणं कोणी शेवटपर्यंत ऐकून घेतलं नव्हतं.

झोपताना तिला खात्री होती, की आता आपण सुटलो. रडकी यजमानीण कोणाला हवी? नवराही काळोखात बराच वेळ जागा होता. शेवटी म्हणाला, "मला कळलंच नव्हतं गं, एवढं. जा तू. महिना संपला की सोडतो तुला." तिने त्याचा हात दाबला. दोन दिवस ती गाणं गुणगुणत होती, बॅग खाली काढून झटकत होती, सासूला मसाल्यांचे डबे कुठे आहेत ते दाखवत सुटली. सासूला ते तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं, पण तीही ऐकून घेत होती.

मग चष्मेवालीने लिहिलेलं सगळीकडे पसरलं. तिने रडत रडत लिहिलं असावं. 'शेकोटीजवळ वहिनी बोलल्या आणि आम्ही सगळे आपापल्या आयुष्याकडे बघायला लागलो. इथे जा. वहिनींना ऐका.' टाकीपाशी नवऱ्याचा फोन वाजायचा थांबेना. तंबू भरले, लाकडी खोल्या भरल्या, लोक गाडीत झोपायला तयार झाले.

नवरा दोन दिवस तिच्यासमोर आला नाही. आला तो खालमानेने. "मी शब्द फिरवत नाही," तो म्हणाला. "तू जाच. पण महिनाअखेरीला जे येतायत ते तेवढ्यासाठीच येतायत. लांबून येतायत. एकदाच बोल. नंतर मी सगळ्यांना सांगेन, वहिनी गेल्या."

"त्याच दिवशी मला डॉक्टरबाईंना फोन करायचाय."

"लॅब दिवेलागणीपर्यंत उघडी असते ना? आपण शेकोटी लवकर पेटवू. तुझं उरकलं की तू टाकीवर जा."

ती आधीच फोन करू शकली असती. त्या दिवशी सकाळी दोनदा ती टाकीकडे निघालीही. पहिल्यांदा पाहुण्यांची गाडी चिखलात रुतली म्हणून हाक आली, दुसऱ्यांदा टाकीपाशी नवराच फोनवर बोलत उभा होता आणि त्याने हाताने 'पाच मिनिटं' अशी खूण केली. ती परत फिरली. संध्याकाळी निवांत बोलू, असं तिने मनाशी म्हटलं.

उन्हं कलली आणि शेकोटी पेटली. लोक दाटीवाटीने बसले. काहींनी घरून रुमाल आणले होते, ते तिने पाहिलं. तिच्यासाठी एक लाकडी खुर्ची ठेवली होती, जरा उंच, सगळ्यांना दिसेल अशी. ती बसली आणि बोलायला लागली.

सुरुवातीला शब्द सापडेनात. मग सापडले. काचपट्टी, थेंब, तो मुलगा. मुलगा वाचला हे तिने लगेच सांगितलं नाही. आधी डॉक्टरबाई कशा रागावल्या ते सांगितलं, मग रात्र कशी गेली ते सांगितलं, आणि मगच वाचला म्हणाली. समोर एका माणसाने रोखून धरलेला श्वास सोडला, तो तिला ऐकू आला. लॅबमध्ये त्या मुलासाठी कोणी रात्रभर जागलं नव्हतं. ते तिने आत्ता घातलं होतं. आणि ते बरोबर बसलं होतं.

उतारावरचं ऊन टाकीच्या बुडापर्यंत आलं होतं. ते तिला खुर्चीवरून नीट दिसत होतं. पायवाट मोकळी होती, कोणी धरून ठेवलं नव्हतं. उठावं आणि चालू लागावं, एवढंच. पण समोरचे सगळे तिच्याकडे असे बघत होते, जसं तिच्याकडे कधी कोणी बघितलं नव्हतं, आणि अजून पातेल्याचं सांगायचं राहिलं होतं. ती पातेल्याचं सांगत राहिली. लोक हसले, आणि मग हसल्याची लाज वाटून गप्प झाले. ऊन टाकीवरून गेलं. शहरात आता डॉक्टरबाई दिवे मालवत असतील, फोनकडे एकदा बघून किल्ली फिरवत असतील. हे सगळं तिला बोलता बोलता कळत होतं. जीव आतल्या आत तडफडत होता आणि आवाज मात्र स्थिर होता.

"मग वहिनी," मागून कोणीतरी हळूच विचारलं, "तुम्ही जाणार?"

"जायचंय तर आहेच," ती म्हणाली.

बायका रडल्या. पुरुषांनी शेकोटीकडे बघितलं. नवऱ्याने पुढे होऊन दोन लाकडं टाकली. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही. मग ताटं मांडायची वेळ झाली आणि सगळे हात धुवायला उठले.

ती स्वयंपाकघरात गेली. पडद्याआड सासू कढईतला पदार्थ परतत होती. तिने मान वर केली नाही.

"चांगलं झालं," सासू म्हणाली. "फक्त शेवटी घाई केलीस. 'जायचंय' म्हटल्यावर जरा थांबायचं. लगेच पुढे बोललीस."

वहिनी पदराने तोंड पुसत उभी राहिली. थोडा वेळ तिने खरंच त्याचा विचार केला.

"बरं आई," ती म्हणाली. "उद्या थांबेन." आणि ताटं घेऊन बाहेर गेली.