माठाखालच्या वाळूतला थर्मामीटर

मित्रांनो, मी एक जुना, पाऱ्याचा थर्मामीटर आहे. माणिकरावांनी मला खामगावच्या औषधांच्या दुकानातून धामणगाव बढ्याला आणलं. त्यांचा रवी तेव्हा लहान होता आणि सारखा आजारी पडायचा. कारखान्यात माझ्या अंगावरची रेघन्‌रेघ निगुतीनं काढलेली, पण या घरात मी नुसता 'मीटर' झालो. आधी राग आला, मग त्याच नावाची सवय झाली.

घराच्या तब्येतीची काळजी रवीच्या आईकडे, जनकाबाईंकडे होती. गोवर असो की हिवताप, त्या मला झटकायच्या, आजाऱ्याच्या काखेत ठेवायच्या आणि शेजारी बसून राहायच्या. शेजारची नूरबीही मला हक्कानं न्यायची आणि स्वच्छ पुसून परत आणायची. काय मान होता माझा!

आमच्याकडचा उन्हाळा मात्र माझा वैरी. मे महिन्यात हवाच अंगापेक्षा जास्त तापते, मग कोणाच्या काखेत न जाताही माझा पारा चढतो. एकदा मी खिडकीत पडून होतो. रवीच्या बायकोला, सुवर्णाला कणकण वाटली म्हणून घाईत मला न झटकताच तिच्या काखेत ठेवलं, तर एकशे सहा! सगळे धावत दवाखान्यात गेले. डॉक्टर हसले आणि मग गल्लीही हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून जनकाबाई उन्हाळ्यात मला माठाखालच्या ओल्या वाळूत खोचून ठेवू लागल्या.

पुढच्याच उन्हाळ्यात माणिकराव एका लग्नाहून परतले. आमच्याकडे लग्नं मे महिन्यात, तीही भर दुपारी. त्यांचं अंग कोरडं, भाजल्यासारखं झालं होतं आणि ते काहीबाही बरळत होते. जनकाबाईंनी मला वाळूतून काढून लावलं. एकशे पाच.

"मीटर उन्हानं चढलं असन," रवी म्हणाला. "मांगच्या साली कसं हसं झालं आपलं! पडू दे त्याहिले घडीभर."

मी खरं सांगत होतो, पण माझ्यावर विश्वास कोण ठेवणार? माझा जीव नुसता तडफडत होता.

"थांब बे," जनकाबाई म्हणाल्या. "आधी मले लावून पाहू दे."

सुवर्णा सासऱ्यांच्या अंगावर ओली फडकी टाकत होती. जनकाबाईंनी मला पुन्हा वाळूत गार केलं, झटकलं आणि स्वतःच्या काखेत धरलं. साधारण अठ्ठ्याण्णव. मग पुन्हा माणिकरावांना लावलं. एकशे पाचच्याही वर!

"मीटर खरं सांगून राह्यलं, रवी! गाडी काढ!"

आणखी थोडा उशीर झाला असता तर माणूस हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले.

माणिकराव घरी आले ते बदलूनच. ज्यांनी मला कधी हात लावला नव्हता, ते माझा पारा वाचायला शिकले. जनकाबाई नुसत्या शिंकल्या तरी मला घेऊन हजर.

"मले काय होते?" त्या लाजून म्हणायच्या.

"गप बस. काख दे इकडे."

कुरकुरत बसायच्या, पण चेहरा खुलायचा. ते दिवस आठवले की अजून मन भरून येतं.

आता माणिकराव नाहीत. सुवर्णानं पीं-पीं वाजणारं नवं यंत्र आणलं आहे. मी फुटलो तर माझा पारा लेकरांना बाधेल, म्हणून मला डबीत घालून वरच्या फळीवर ठेवलं आहे. तिचं बरोबरच आहे, मी रुसलेलो नाही. डबीच्या काचेतून मला स्वयंपाकघर दिसतं. परवा जनकाबाई चुलीशी उभ्या होत्या, चेहरा लाल, हात थरथरत होते. नातवंडांना खोकला होता, म्हणून त्यांनी एकेकाला नवं यंत्र लावलं, पुसलं आणि जागेवर ठेवून दिलं.

मित्रांनो, तुमच्या घरातही सगळ्यांचा ताप बघणारं एक माणूस असेल. बरं वाटतंय का, असं त्याला नुसतं विचारू नका, ते होच म्हणेल. त्याला हाताला धरून खाली बसवा, थर्मामीटर लावा, आणि आकडा कळेपर्यंत त्याच्याजवळून उठू नका.